हळदीचा उजेड आणि जिवंत पेशी

शिरड शहापूरच्या शिवारात हळदीचं कौतुक कुणाला सांगावं? पण आज रात्री एक करून पाहा. काचेच्या पेल्यात थोडं स्पिरिट घ्या, त्यात चिमूटभर हळद कालवा, गाळ खाली बसू द्या. चुलीपासून लांब, बरं का. मग अंधारात नोटा तपासायची जांभळी बॅटरी पेल्यावर धरा, डोळ्यांवर नको. द्रव पोपटी उजळतो. साध्या पाण्यात कालवलेली हळद मात्र जवळजवळ मंदच राहते.

हळदीतलं कुरक्युमिन जांभळा-निळा प्रकाश शोषतं आणि हिरवट-पिवळा परत सोडतं. ही प्रतिदीप्ती. जिवंत पेशीतली प्रथिनं आज याच गुणामुळे पाहता येतात.

पूर्वी बहुतेकदा पेशी मारून रंगवावी लागे. प्रथिन कुठं आहे ते कळे, कुठं निघालंय ते कळत नसे. 1962 मध्ये ओसामू शिमोमुरा यांनी जेलीफिशमधून हिरवं चमकणारं प्रथिन वेगळं केलं. 1992 मध्ये डग्लस प्रॅशर यांनी त्याचं जनुक मिळवलं आणि 1994 मध्ये मार्टिन चाल्फी यांनी ते जिवाणूत आणि एका बारीक कृमीत उजळवून दाखवलं. हे जनुक हव्या त्या प्रथिनाच्या जनुकाला जोडलं, की पेशी ते प्रथिन हिरवी जोड लावूनच घडवते. सूक्ष्मदर्शकाखाली निळा प्रकाश टाकायचा, परतणारा हिरवा तेवढा गाळून घ्यायचा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका यांचा गट त्याच जातीच्या कृमीच्या मज्जातंतूंतली वाहतूक न्याहाळतो. कृमी जेमतेम मिलिमीटरभर, पण पारदर्शक, म्हणून तो जिवंत असतानाच आतलं दिसतं.

या कामासाठी 2008 चं नोबेल शिमोमुरा, चाल्फी आणि याच प्रथिनावर काम करणारे रॉजर त्सिएन यांना मिळालं. प्रॅशर तेव्हा अमेरिकेत मोटारींच्या एका दुकानात गिऱ्हाइकांची ने-आण करणारी गाडी चालवत होते. मला तरी हे खुपतं.

आता आपल्या कामाचं. चमकलं ते सगळं खरं नसतं. प्रकाश जास्त झाला तर पेशीच होरपळते. आणि कुरक्युमिन मुळात स्वतःच चमकतं, त्यामुळे चकाकी मोजून औषध पारखणाऱ्या चाचण्यांत ते खोटा होकार देऊ शकतं. 2017 मध्ये रसायनशास्त्रज्ञांनी तसा इशाराही छापला. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, तिचा मान तिच्यापाशी. पण अशा चाचण्यांचा दाखला देऊन हळदीच्या गोळ्यांनी कॅन्सर बरा होतो म्हणत कुणी दारात आलं, तर पैसे काढू नका. आधी डॉक्टरांना विचारा.