ऐकणारा कान हवा आहे

(ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



वानप्रस्थ म्हणजे संसारातून बाजूला होणे, एवढाच अर्थ आपण बहुधा घेतो. परंतु स्वतःच्या घराची जबाबदारी उतरल्यावर समाजाचे घर आपले मानणे, हा त्याचा आजचा अर्थ आहे. २०११च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढील नागरिक दहा कोटींहून अधिक होते. त्यांतील सुशिक्षित, निवृत्त मंडळींजवळ शाळेला सर्वांत कमी पडणारे धन आहे. ते धन म्हणजे वेळ.

'असर'च्या पाहणीनुसार २०२२ मध्ये ग्रामीण भारतातील शासकीय शाळांत तिसरीच्या शंभरांपैकी सुमारे १६ मुलांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येत होता. २०२४ मध्ये ही संख्या २३ झाली. सुधारणा स्वागतार्ह आहे. पण उरलेल्या ७७ मुलांचे काय? आपल्या अनेक पिढ्यांनी चौथीत शिवछत्रपतींचा इतिहास वाचला. ज्याला तो वाचताच येत नाही, ते मूल वर्गात बसूनही वर्गाबाहेर असते. संस्कारांच्या गोष्टी आपण कितीही सांगितल्या, तरी त्याच्यासाठी पुस्तकाचे दार बंदच राहते.

यात शिक्षकांना दोष देणे सोपे आहे. तीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाचे वाचन पाच मिनिटे ऐकायचे म्हटले, तरी अडीच तास लागतात. ते आणायचे कोठून? येथे आपले काम सुरू होते. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, शाळेतच, शिक्षकांच्या नजरेसमोर, एकाच मुलाजवळ अर्धा तास बसायचे आणि त्याचे वाचन ऐकायचे.

काम साधे वाटते, पण सोपे नाही. मराठी वाचणाऱ्या बालकापुढील अडचणी आपण विसरलो आहोत. 'कि' लिहिताना वेलांटी आधी दिसते, उच्चारात मागून येते. 'सूर्य', 'प्रकाश' आणि 'राष्ट्र' या तीन शब्दांत 'र' तीन रूपांत भेटतो. 'चहा'तला 'च' वेगळा, 'चाक'मधला वेगळा. अक्षर मात्र एकच. मूल अडखळले की शब्द चटकन सांगून टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा, क्षणभर थांबावे. ज्या शब्दाशी ते स्वतः झुंजले, तो त्याचा होतो.

दुसरे पथ्य भाषेचे. एखाद्याच्या घरी अहिराणी असेल, एखाद्याच्या वस्तीवर पारधी बोली असेल. त्याच्या उच्चाराला कोणी हसले, तर ते मूल पुन्हा तोंड उघडणार नाही. समरसता व्यासपीठावरून सांगण्यापेक्षा त्या बाकावर बसून आचरणे कठीण आहे.

तिसरे पथ्य खास आपल्यासाठी. आपण कार्यकर्ते बौद्धिक देण्यास सरावलेले आहोत. येथे बोलायचे त्या मुलाने, ऐकायचे आपण. साहेब, मुख्याध्यापक, व्यवस्थापक ही बिरुदे शाळेच्या फाटकाबाहेर ठेवावीत. एकदा स्वीकारलेला वार मात्र चुकवू नये. मूल वाट पाहत असते. चार वेळा निराश झाले, तर मदतीपेक्षा हानीच अधिक.

हे स्वप्नरंजन नव्हे. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात 'एक्स्पीरियन्स कोअर' उपक्रमातून साठीपुढील स्वयंसेवक प्राथमिक शाळांत आठवड्याला पंधरा तास देत. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अभ्यासकांनी या कामाचा ज्येष्ठांच्या प्रकृतीवर होणारा परिणामही अभ्यासाचा विषय केला. आपल्याकडे २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वाचन शिकविण्याच्या कामात समाजातील साक्षरांना आवाहन केले आहे. २०२१ मध्ये 'विद्यांजली'च्या नव्या टप्प्यातून शासकीय व अनुदानित शाळांत स्वयंसेवकांना वाट खुली झाली. दार उघडे आहे. आत जाणारी पावले हवीत.

नातवंडे पुण्या-मुंबईत किंवा परदेशी असल्याची खंत आपल्यापैकी अनेकांना आहे. आपल्या घरापासून दहा मिनिटांवरच्या शाळेत एखादे मूल पुस्तक उघडून बसले आहे. त्याला उपदेश नको, खाऊही नको. त्याला ऐकणारा एक कान हवा आहे. येत्या सोमवारी त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटण्याचा संकल्प आपण येथून उठण्यापूर्वी करावा, एवढीच प्रार्थना.