फटाक्यांचा स्टॉल आणि कायदा

दिवाळीच्या तोंडावर मैदानात फटाक्यांचे स्टॉल लागतात. त्यांना स्फोटक नियम, 2008 लागू आहेत. चार दिवसांच्या विक्रीलाही परवाना लागतोच. स्टॉल पत्र्यासारख्या न पेटणाऱ्या साहित्याचा हवा. कापडी मांडव चालत नाही. दोन स्टॉलमध्ये किमान 3 मीटर अंतर ठेवायचं आणि त्यांची तोंडं समोरासमोर येऊ द्यायची नाहीत. एका ठिकाणी 50 पेक्षा जास्त स्टॉल नकोत. आत पणती, गॅसबत्ती वर्ज्य. विजेचा दिवा भिंतीला किंवा छताला पक्का बसवलेला हवा, लोंबती वायर नको. आणि मुलांनी कितीही हट्ट केला, तरी स्टॉलपासून 50 मीटरच्या आत साधी फुलबाजीसुद्धा पेटवू नका. आग दिसलीच, तर अग्निशमन दलाला 101 वर लगेच कळवा.