हुनर आहे, आता हिशोबही ठेवा
मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. कोडमधली चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त होते. राजापेठेत घरोघरी फिटिंग करणाऱ्या आपल्या भावाला तशी दुसरी संधी नसते. उन्हाळ्यात कूलरचं ओलं टप, त्यात उघडी वायर. माल स्वतःच्या खिशातून, मजुरीला मात्र ‘उद्या या’. आजारी पडला, की रोजी बुडाली.

म्हणून आयटीआयचा २ वर्षांचा इलेक्ट्रिशियन कोर्स झालेल्यांनी वायरमनचा परवाना काढावा. कामाआधी खर्च लिहून द्या, मालाचे पैसे आगाऊ घ्या. प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत मिळतो. अपघाती मृत्यू झाल्यास घरच्यांना २ लाख मिळतात. घराघरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवायचा आग्रह धरा.

आणि आपण ग्राहक असू, तेव्हा मजुरी त्याच दिवशी देऊ या.