मुंगीच्या वाटेने

एका विक्रेत्याला १५ गावं फिरून घरी परतायचंय, तेही कमीत कमी अंतरात. सोपं वाटतं ना? पण शक्य असलेल्या फेऱ्या भरतात चार हजार कोटींहून जास्त! गावं आणखी वाढली, की एकेक फेरी तपासत बसणं संगणकालाही परवडत नाही.

इथे कामी आली मुंगी. चालताना ती वासाचं रसायन मागे सोडते. जवळच्या वाटेवर येजा लवकर होते, वास दाट होतो, मागच्या मुंग्या तिकडेच वळतात. साखरेच्या डब्यापर्यंत रांग लागते ती अशीच. १९९२ मध्ये मार्को डोरिगो यांनी मिलानमधल्या आपल्या पीएचडी प्रबंधात ही युक्ती संगणकात उतरवली. वास हळूहळू उडून जाणंही त्यात आलं. नाहीतर चुकीची वाटही पक्की होऊन बसली असती.

तरी खोट राहिलीच. शेकडो गावं असली, की पद्धत मागे पडायची. बरं, फक्त सर्वांत चांगल्या फेरीलाच वास द्यावा, तर सगळ्या मुंग्या घाईने एकाच बऱ्यापैकी वाटेला लागायच्या. मग याहून चांगली वाट शोधणार कोण? थॉमस श्ट्युट्झले आणि होल्गर होस यांनी वासाला वरची आणि खालची मर्यादा घातली. मला त्यातली खालची जास्त आवडते. तिच्यामुळे कुठलीच वाट पार पुसली जात नाही. शिवाय सुरुवातीला सगळ्याच वाटांवर भरपूर वास ठेवायचा. वारुळातल्या मुंग्या अशाने बहुधा गोंधळतील. संगणकातल्या मात्र मनसोक्त भटकतात.