आकडा आधी सांगा

आज डॉक्टर झालेल्या मुलामुलींनो,

भारतीय वैद्यक परिषदेची २००२ सालची आचारसंहिता तुम्ही परीक्षेपुरती वाचली असेल. डॉक्टरने आपली फी उपचाराआधी सांगावी, उपचार सुरू झाल्यावर सांगू नये, असे तिच्यात स्पष्ट लिहिले आहे. मी आज त्या एकाच कलमाबद्दल बोलणार आहे. इतके सरळ आणि इतके दुर्लक्षिलेले कलम आपल्या व्यवसायात क्वचितच असेल.

रुग्णालयाच्या काउंटरवर काय विचारतात, ते इंटर्नशिपमध्ये तुम्ही ऐकले आहे. मेडिक्लेम आहे का? किती लाखांचा? त्यावरून खोली ठरते आणि खोलीवरून पुढचे सगळे. बऱ्याच ठिकाणी एकाच शस्त्रक्रियेची फी जनरल वॉर्डात एक आणि डिलक्स खोलीत दुसरी असते. हात तोच, टाके तितकेच. आता समजा, पाच लाखांच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा रोज ५,००० रुपये आहे आणि घरच्यांनी ८,००० ची खोली घेतली. त्यांना वाटते, वरचे तीन हजार आपण भरू. पण अशा पॉलिसीत सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर असे खोलीच्या वर्गाप्रमाणे बदलणारे खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. ते १,६०,००० झाले असतील तर कंपनी देते १,००,०००. उरलेले ६०,००० घरच्यांच्या माथी. औषधे आणि इम्प्लांट या कपातीतून वगळली आहेत, एवढाच दिलासा. हे कधी कळते? पेशंटचे कपडे बदलून झालेले असतात, रिक्षा खाली उभी असते, तेव्हा विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या टीपीएचे पत्र येते.

मेडिक्लेमवाल्याचे बिल थोडे फुगवले तर कुणाचे काय जाते, असे म्हणणारे सीनियर तुम्हाला भेटतील. त्यांचे ऐकू नका. यंदाचे क्लेम पुढच्या हप्त्यांत उतरतात. हप्ता वाढला की धडधाकट तरुण पॉलिसी सोडतात, मागे वयस्कर आणि आजारी उरतात, आणि हप्ता आणखी चढतो. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर आधी आम्हाला विचारा, असे विमा नियामकाला जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांना बजावावे लागले. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी उठला. दोन्ही निर्णय चांगलेच आहेत. पण बिले चढतच राहिली तर तो दिलासा किती दिवस पुरेल? ज्या वयात विमा खरोखर लागतो, त्याच वयात निवृत्त माणसाला तो परवडेनासा होतो, याची मला चीड येते.

झाकलेल्या किमतीखाली काय असते, ते स्टेंटच्या प्रकरणात देशाने पाहिले. दिल्लीचे वकील बीरेंद्र सांगवान त्या किमतींविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. पुढे फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत सुमारे ३०,००० रुपयांवर आणली. तोवर त्यासाठी लाखाहून जास्त मोजणारे रुग्ण कितीतरी होते. प्राधिकरणाने हिशेब उघडा केला तेव्हा दिसले, की सर्वांत मोठा नफा रुग्णालयाच्या पातळीवर होत होता. पेशंट पाठवल्याबद्दल डॉक्टरला मिळणाऱ्या कटचेही तसेच. विंचूदंशावरच्या कामासाठी जग ज्यांना ओळखते, त्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांना एका तपासणी केंद्राने १,२०० रुपयांचा धनादेश पाठवला. त्यांनी थेट महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. असा धनादेश शेवटी पेशंटच्याच बिलातून निघतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनी खासगी रुग्णालयांना दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. ते लागलेच पाहिजे. तरीही फलकावरून खोलीचे भाडे कळेल, व्हिजिटची फी कळेल; माझ्या आईच्या पित्ताशयाला एकूण किती लागतील, हे त्यावरून कळणार नाही. ते डॉक्टरच सांगू शकतो.

पोट उघडल्यावर काय निघेल ते आधी कसे सांगणार, असे तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. म्हणून दोन आकडे सांगा. सगळे सुरळीत झाले तर इतके, गुंतागुंत झाली तर इतके. संमतीपत्राबरोबर ते मराठीत लिहून द्या. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा किती आहे, ते खोली ठरण्याआधी घरच्यांना बघायला लावा. खर्च वरच्या आकड्याकडे सरकतोय असे दिसले, तर त्याच संध्याकाळी त्यांना बोलावून घ्या. नोकरीच्या पहिल्या वर्षी दर ठरवणे तुमच्या हाती नसेल. पण रात्री दोन वाजता पेशंटची मुलगी खर्चाचे विचारायला येईल, तेव्हा ड्युटीवर तुम्हीच असाल. तिला बिलिंगकडे पाठवू नका. बसवा, आणि माहीत आहे तेवढे सगळे सांगा.