दरिद्री बालके आणि परदेशचे ख्रिस्ती पाहुणे



अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनो यांनी 2005 सालच्या पाहणीवरून असा अंदाज बांधला की, त्या देशातील ख्रिस्तमंडळ्यांचे सुमारे 16 लाख सभासद दरवर्षी अल्प मुदतीच्या सेवाप्रवासासाठी परदेशी जातात. मध्य अमेरिकेतील खेड्यांत, हैतीत, पूर्व आफ्रिकेत, फिलिपिन्सच्या झोपडवस्त्यांत हे लोक आठवडा-पंधरवडा मुक्काम करतात; कोणी शाळेची भिंत बांधतो, कोणी दवाखान्यात औषधे वाटतो, कोणी मुलांना गोळा करून गीते शिकवतो, आणि घरी परतल्यावर रविवारच्या उपासनेत आपल्या मंडळीपुढे साक्ष देतो. रजा खर्ची घालून, वर्षभर पैसे साठवून जाणाऱ्या या माणसांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे मला काहीच प्रयोजन दिसत नाही. मला विचार करावयाचा आहे तो एवढ्याचाच की, जो ख्रिस्ती माणूस दरिद्री बालकाच्या दारी जाऊन उभा राहतो, तो तेथे कोणत्या नात्याने उभा असतो: उपकारकर्त्याच्या, की देणेकऱ्याच्या?

जाणे हे धर्मकर्तव्यच आहे, याबद्दल शास्त्रात संदिग्धता नाही. अनाथांचा व विधवांचा त्यांच्या संकटकाळी समाचार घेणे हे याकोबाच्या पत्रात निर्मळ धर्माचे लक्षण म्हणून सांगितले आहे, आणि मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील न्यायनिवाडा भुकेल्याला अन्न दिले की नाही, बंदिवानाच्या भेटीला गेला की नाही, याच प्रश्नांवर होतो. तेव्हा घरी बसून हुंडी पाठवली म्हणजे काम भागले, असे ख्रिस्ती माणसाला म्हणता येणार नाही. परंतु त्याच शास्त्रात देण्या-घेण्याची एक मोठी हकीकत आहे, आणि या चर्चेत तिची आठवण क्वचितच निघते, म्हणून ती थोड्या विस्ताराने सांगतो.

यरुशलेम येथील मंडळी हलाखीत होती, आणि प्रेषित पौलाने मासेदोनिया, अखया, गलतिया या दूरदूरच्या प्रांतांतून तिच्यासाठी वर्गणी जमवली. करिंथकरांस लिहिलेल्या पत्रांत त्याने या रकमेची जी व्यवस्था लावून दिली आहे ती एखाद्या कसलेल्या फडणिसाला शोभावी अशी आहे. प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी ऐपतीप्रमाणे बाजूला काढून ठेवावे. रक्कम पोचवण्यासाठी मंडळ्यांनी स्वतः पसंत केलेली माणसे निवडावीत. एवढी मोठी ठेव हाताळताना कोणाला बोट ठेवण्यास जागा राहू नये म्हणून आपल्याबरोबर इतरही विश्वासू बंधू असावेत. आणि मग रोमकरांस लिहिताना तो असे सांगतो की, या परराष्ट्रीय मंडळ्या यरुशलेमच्या गरिबांच्या ऋणी आहेत. त्यांच्या आध्यात्मिक धनाचे आपण भागीदार झालो, म्हणून ऐहिक धनाने त्यांची सेवा करणे हे आपले देणे आहे. देणारा येथे ऋणको आहे आणि गरीब हा धनको आहे. हे नाते पक्के ध्यानात ठेवले, तर पुढच्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

बालकांसाठी दत्तक-पालक योजना चालवणाऱ्या एका संस्थेचा उगमही खरे पाहता अशाच ऋणातून झाला. 1947 साली बॉब पिअर्स नावाचा तरुण अमेरिकन सुवार्तिक चीनमध्ये अमॉय येथे मिशनच्या शाळेतील मुलींपुढे बोलला, आणि घरी जाऊन आपल्या विश्वासाची वार्ता सांगा, असे त्याने त्यांना आवाहन केले. एका मुलीने तसे केले. बापाने तिला मार मार मारून घराबाहेर काढले. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मिशनरी शिक्षिकेने ते जखमी पोर पिअर्सच्या हाती दिले आणि आता हिचे तू काय करणार, असे त्याला विचारले. त्या शिक्षिकेच्या पदरी आधीच सहा अनाथ मुले होती. पिअर्सने खिशातील उरलेले पाच डॉलर दिले आणि तेवढेच दरमहा पाठवण्याचे वचन दिले. या वचनातूनच 1950 साली ‘वर्ल्ड व्हिजन’ ही संस्था उभी राहिली. ही हकीकत करुणेची म्हणून सांगितली जाते, आणि ती करुणेची आहेच. पण माझ्या दृष्टीने तिचा गाभा असा की, त्या मुलीवरील आपत्ती पिअर्सच्याच भाषणातून ओढवली होती, आणि तेथे वर्षानुवर्षे राहिलेल्या बाईने पाहुण्याला त्याची जबाबदारी दाखवून दिली. त्या पाच डॉलरांना भिक्षा म्हणता येत नाही.

पाच वर्षांनी, 1952 मध्ये, एव्हरेट स्वान्सन हा धर्मोपदेशक कोरियात अमेरिकन सैनिकांपुढे प्रवचने देण्यास गेला आणि युद्धाने पोरकी झालेली मुले पाहून परतला. ‘कम्पॅशन’ ही संस्था त्याच्या प्रयत्नांतून जन्मली. तिची पद्धत अशी की, मुलाची नोंद त्याच्या गावच्या मंडळीमार्फत होते, आणि दूरच्या पालकाकडे जो कागद जातो त्यावर मुलाचे उभे छायाचित्र, नाव, जन्मतारीख, आवडता खेळ आणि घरात त्याच्याकडे असलेली कामे लिहिलेली असतात: पाणी भरणे, केर काढणे, धाकट्या भावंडांना सांभाळणे. तो कागद पाहणाऱ्याचे मन हेलावते, यात नवल नाही. तथापि त्या छायाचित्रात मूल एकटे उभे असते. आई कडेला नसते, बापाची मजुरी दिसत नाही, ज्या जमिनीवरून कुटुंब उठले ती जमीन दिसत नाही. बालकाचे दारिद्र्य म्हणून घरापासून वेगळी काढता येईल अशी वस्तूच जगात नाही. जे दारिद्र्य असते ते घराचे असते, आणि मुलाच्या वाट्याला त्यातला सर्वांत नाजूक वयातला भाग येतो.

हे म्हणताना या योजनांचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. ब्रूस वायडिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतासह सहा देशांतील दहा हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती गोळा करून 2013 साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत या संस्थेचा आधार मिळालेल्या मुलांचे शिक्षण सुमारे एक ते दीड वर्षाने अधिक झाल्याचे आणि मोठेपणी पगारी नोकरी मिळण्याची शक्यता वाढल्याचे दिसून आले. एका गरीब घरात शाळेचे एक वर्ष अधिक म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी फीच्या पैशांवरून मुलीचे नाव कमी झाले आहे त्यांना सांगावे लागत नाही. आपल्या देशात हीच संस्था विदेशी अंशदानाच्या कायद्याखालील निर्बंधांमुळे मार्च 2017 मध्ये बंद झाली आणि सुमारे दीड लाख मुलांचा मासिक आधार तुटला. धर्मप्रसाराविषयी सरकारची भूमिका काहीही असो, संस्थेचा बचाव काहीही असो, त्या वादात मुलांच्या आयांची जबानी कोणी घेतली नाही, याचे मला मनापासून दुःख होते.

आता प्रवासाकडे वळू. 1998 च्या मिच वादळाने होंडुरास उद्ध्वस्त केला तेव्हा उत्तर अमेरिकेतील मंडळ्यांचे गटच्या गट घरे बांधावयास तेथे गेले. पुढे कर्ट व्हर बीक या ख्रिस्ती समाजशास्त्रज्ञाने पाहुण्यांनी बांधलेल्या आणि स्थानिक संस्थांनी बांधलेल्या घरांत राहणाऱ्या कुटुंबांची चौकशी केली. प्रवासखर्च धरता पाहुण्यांचे एक घर सुमारे 30,000 डॉलरांना पडले होते; स्थानिक ख्रिस्ती संस्था तेच घर सुमारे 2,000 डॉलरांत उभे करीत होती. कुटुंबांच्या जीवनावर झालेल्या परिणामात फरक आढळला नाही, आणि गावकऱ्यांचे म्हणणे असे पडले की, पाहुणे आले याचा आनंद आहे, पण त्या पैशांत आणखी घरे झाली असती तर बरे झाले असते. विटा रचण्यासाठी विमानाने माणूस आणावयाचा आणि त्याच गावचा गवंडी बेकार बसवावयाचा, हा व्यवहार कोणत्याही जमाखर्चात बसत नाही.

याहून दुःखद प्रकार हैतीत घडला. जानेवारी 2010 च्या भूकंपानंतर अमेरिकेतील काही बाप्टिस्ट मंडळी 33 मुलांना अनाथ समजून, दाखले व परवाने नसताना, सीमेपलीकडे डोमिनिकन प्रजासत्ताकात नेऊ लागली असता पकडली गेली. चौकशीअंती बहुतेक मुलांचे आईबाप किंवा जवळचे आप्त हयात असल्याचे निघाले. आपल्या लेकराला शाळा व पोटभर अन्न मिळेल या आशेने कित्येकांनी आपण होऊन मुले स्वाधीन केली होती. मूल एकटेच दिसण्याची सवय लागलेल्या दृष्टीला त्याच्या पाठीमागे उभी असलेली आई दिसली नाही.

याउलट आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो निराधार मुली व बायका आणल्या आणि पुढे केडगावी ‘मुक्ती’ उभारली. त्यांनाही बोस्टनच्या मंडळाकडून वर्षानुवर्षे पैसा येत होता. पण दुष्काळी छावणीत पाऊल टाकणाऱ्या या बाईने वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या दुष्काळात पाण्यावर आणि झाडपाल्यावर दिवस काढले होते, आपल्या पंडित पित्याला व मातेला उपासमारीत मरताना पाहिले होते. छावणीतील मुलीला त्या परक्या नजरेने पाहूच शकत नव्हत्या. परदेशच्या पाहुण्याला हा अनुभव उसना घेता येणार नाही. म्हणूनच ज्यांच्यापाशी तो आहे त्यांच्या हाताखाली राहणे त्याला भाग आहे.

1968 साली मेक्सिकोत कुएर्नावाका येथे इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरूने अमेरिकन विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगितले की, पाहावयास या, शिकावयास या, मदत करावयास येऊ नका. सत्तेचा जो तोल या भेटीत असतो तो त्यांनी बरोबर ओळखला होता, आणि तरीही मी त्यांच्याशी पूर्ण सहमत होऊ शकत नाही. कारण भुकेल्याला पाहून नुसते शिकून परतणे याकोबाला मान्य झाले नसते.

या पेचातून निघण्याची वाट मला पौलाच्याच एका विनंतीत दिसते. वर्गणी घेऊन यरुशलेमास निघण्यापूर्वी त्याने रोमकरांना आपल्यासाठी प्रार्थना करण्यास सांगितले, आणि त्या प्रार्थनेचा एक विषय असा होता की, तेथील पवित्र जनांना ही सेवा मान्य व्हावी. घेणारे ती नाकारू शकतात, हे तो जाणून होता. आजच्या सेवाप्रवासांच्या करारांत हा नकाराचा हक्क लेखी घातला जावा, अशी माझी सूचना आहे. कोणत्या महिन्यात यावे, किती जणांनी यावे, कोणते काम हाती घ्यावे, मुलांची छायाचित्रे काढावीत की नाही, हे त्या गावची मंडळी आणि मुलांचे आईबाप ठरवतील. खर्चाचा तपशील आधी त्यांच्यापुढे, त्यांच्या भाषेत वाचला जाईल, आणि मग पाहुण्यांच्या मंडळीपुढे. आणि एखाद्या वर्षी गावाने ‘यंदा येऊ नका’ असे कळवले, तर तिकिटांसाठी जमलेली रक्कम त्या वर्षी त्याच गावाच्या नावे रुजू होईल.