मधुमालतीची निगा
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



सभागृहामागची मधुमालती मुळासकट काढून टाकावी, असा ठराव गेल्या वर्षी कार्यकारिणीपुढे आला होता. पंधरा वर्षांपूर्वी ती वेल मीच लावली; तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यात तिच्याबरोबर मीही उभा आहे. आरोप खरे होते. तिच्या फांद्यांनी कौले उचलली होती आणि पाचोळ्याने पन्हळ तुंबून पावसाचे पाणी ग्रंथालयात उतरले होते. मी एक वर्षाची मुदत मागून घेतली. ती पुढील महिन्यात संपते. म्हणून आज चार शब्द बोलतो.

प्रथम वेलीची ओळख. संस्कृत काव्यात आम्रवृक्षाला बिलगणारी माधवी ती ही नव्हे. नामसादृश्याने पुष्कळांची फसगत होते. इंग्रजीत हिला रंगूनची वेल म्हणतात. सतराव्या शतकात अंबोन बेटावर वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या रुम्फियसने हिला ‘क्विस्क्वालिस’ म्हटले आणि १७६२ मध्ये लिनीअसने ते नाव शास्त्रात रूढ केले. त्याचा अर्थ ‘कोण? कशी?’ शास्त्रज्ञांनी आता तिला काँब्रेटम प्रजातीत घातले असले, तरी तो प्रश्न सार्थ आहे. लहानपणी ती झुडपासारखी उभी राहते; काही महिन्यांनी लांब फांद्या फेकून वेल होते. पान गळले तरी देठाचा बुडखा मागे राहून त्याचा काटा बनतो, आणि त्या काट्यांच्या आधाराने ती वर चढते. फूल सायंकाळी उमलते ते पांढरे, दुसऱ्या दिवशी गुलाबी, तिसऱ्या दिवशी लाल. पांढऱ्या फुलांकडे रात्री लांब सोंडेचे पतंग येतात. रंगलेल्या फुलांवर दिवसा मधमाश्या आणि फुलपाखरे.

आता निगेविषयी. माझी पहिली चूक ही, की मी तिला भिंतीलगत लावले. वीस-पंचवीस फूट सहज चढणाऱ्या वेलीला स्वतःचा भक्कम मांडव हवा. गतवर्षी भिंतीपासून चार हातांवर लोखंडी नळ्यांचा मांडव उभारून सर्व फांद्या त्यावर वळविल्या. दुसरी चूक छाटणीची. फुले नव्या फुटीवर येतात. जुने लाकूड राखण्यात लाभ नाही. येथील थंडीत तिची पाने झडतात. ती थंडी ओसरताच हात आखडता न घेता छाटावे आणि बहर सरल्यावर पुन्हा हलकी छाटणी करावी. तिसरी चूक लाडाची. मी वारंवार खत घालीत गेलो; पाने माजली, फुले रोडावली. वर्षातून एकदा आळ्यात कुजलेले शेणखत पुरे. पाणी मुरावे, साचू नये. ऊन मात्र भरपूर हवे. मुळांपासून दूरवर मुनवे फुटतात, ते वेळीच खणून काढावेत. बागेत हिला बी क्वचितच धरते. ज्यांना रोप हवे, त्यांनी पावसाळ्याच्या आरंभी हे मुनवे न्यावेत किंवा दाबकलम करावे.

या पावसाळ्यात पन्हळ एकदाही तुंबली नाही. ग्रंथालय कोरडे राहिले आणि मांडव फुलांनी लवला.

तथापि एक गोष्ट लपविणे बरे नव्हे. ही वेल एका वर्षाच्या निगेने शहाणी होत नाही. दोन वर्षे कात्री थांबली, तर ती पुन्हा कौलांवर जाईल. शिडीवर चढण्याचे माझे वय आता उरले नाही. म्हणून माझी विनंती वेल राखा एवढीच नाही. दरवर्षी छाटणीचे दोन दिवस देणारे दोन तरुण सभासद पुढे आले, तरच ती राखावी. न आल्यास तो ठराव खुशाल मंजूर करावा. मी विरोध करणार नाही. सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी आपल्या ग्रंथांवर पुन्हा पाणी गळावे, हे मलाही नको आहे.

सभा संपताच घाईने फाटकाकडे न वळता सर्वांनी क्षणभर मागच्या अंगणात यावे. आजची फुले आता उमलली असतील. कात्री मी तेथेच ठेविली आहे.